ठोका तोच, पंगत वेगळी

हर्ण्याच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव रंगात आला, की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. खोल पाण्यात थांबलेल्या होड्यांवरचं मावरं घेऊन बैलगाड्या ओल्या वाळूतून वर येतात, टोपल्या रिकाम्या होतात, वाटे पडतात आणि बोली चढत जाते. मागे सुवर्णदुर्गाची तटबंदी हळूहळू काळी पडते. अंधार झाला की बंदर निवतं. लग्नसराईत मात्र ते फार वेळ निवलेलं राहत नाही. वस्तीत कुणाकडे तरी हळद असते, आणि हळद म्हटली की डीजे आलाच.

मांडवालगत एक पिकअप गाडी मागे घेत घेत लावली जाते. सामान किती, ते सुपारी देतानाच ठरलेलं असतं. दोन टॉप, दोन बेस. घर तालेवार असेल तर चार-चार. बेसची खोकी खाली, टॉप वर, सगळं पट्ट्यांनी आवळलेलं. जनरेटर धुगधुगत असतो, प्लास्टिकच्या खुर्चीवर लॅपटॉप असतो आणि लॅपटॉपमागे विशीतला एक पोरगा. आज रात्रीपुरता त्याचा मान नवरदेवाच्या खालोखाल. पहिला ठोका पडतो तो कानावर नव्हे, बरगडीवर. शेजारच्या घरात फळीवरची ताटं किणकिणायला लागतात.

वाजत असतं कोळीगीतच, आजीलाही पाठ असलेलं. पण त्याच्या बुडाशी काहीतरी वेगळंच चाललेलं असतं. कोळीगीताचा ठेका बहुतेक वेळा सहा मात्रांचा, लाटेवरच्या होडीसारखा झुलणारा. क्लबात वाजणाऱ्या संगीताचा ठेका चाराचा, आणि चारही मात्रांवर किक ड्रमचा सरळ दणका. रिमिक्स करणारा पोरगा सहांतल्या पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर किक बसवतो. दोन आवर्तनं झाली की चार किक पुऱ्या होतात. वरचं झुलणं तसंच राहतं, खाली पाया पडतो. मग मध्येच गाणं अडतं, स्नेअरचे ठोके दाट होत होत एकमेकांत मिसळतात, क्षणभर सगळं बंद, आणि मग तो आदळतो. या आदळण्याला 'ड्रॉप' म्हणतात, हे मांडवातल्या बारक्या पोरालाही ठाऊक असतं. 2013 मध्ये मार्टिन गॅरिक्स नावाच्या सतरा वर्षांच्या डच मुलाचा 'ॲनिमल्स' हा ट्रॅक जगभर गाजला, तेव्हा असाच ड्रॉप सगळीकडे पसरला होता. युरोपातल्या चोखंदळांनी तो पुढे जुना म्हणून टाकून दिला. कोकणच्या हळदीत तो अजून ताजा आहे.

त्याच शनिवारी जवळच्या मुरूड-कर्द्याच्या रिसॉर्टांवर पुण्या-मुंबईची तरुण मंडळी उतरलेली असतात. त्यांच्याकडेही स्पीकर असतो, हातात मावणारा, आणि त्यातूनही तोच चाराचा ठोका येत असतो. फक्त त्यात शब्द नसतात, ड्रॉप नसतो. एकच लकेर सात-आठ मिनिटं कणाकणाने बदलत जाते. वस्तीकडून वाऱ्यावर येणारा आवाज ऐकून त्यातला एखादा तोंड वाकडं करतो. "काय हे विसर्जनाचं म्युझिक!"

इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकच्या, म्हणजे ईडीएमच्या, जगातलं सगळ्यात जुनं भांडण या एका वाक्यात आहे. खरं म्हणजे 'ईडीएम' हा शब्दसुद्धा त्या मुलाला आवडणार नाही. तो म्हणेल, मी टेक्नो ऐकतो, ईडीएम नाही. 2010 नंतर अमेरिकेतल्या मोठमोठ्या मैदानांवर हे संगीत पोचलं, तेव्हा व्यापारी सोयीसाठी हे नाव रूढ झालं. तेव्हापासून दर्दी लोकांच्या बोलण्यात 'ईडीएम' म्हणजे लोकांना कळतं ते, आणि म्हणून हलकं. मराठी पोरांच्या भाषेत सांगायचं तर, "तो कमर्शियल वाजवतो रे."

महाराष्ट्रात मात्र या भांडणाला एक जास्तीची पायरी आहे, आणि तिच्याकडे कुणी बघतच नाही.

आधी शब्दांचाच घोटाळा बघा. जगभर डीजे म्हणजे तबकड्या किंवा ट्रॅक वाजवणारा माणूस. महाराष्ट्रात डीजे म्हणजे खोकी. "डीजे लावला", "डीजे फोडला", "डीजे पोलिसांनी जप्त केला" यातला डीजे हाडामांसाचा नसतो. कोल्हापूर-सांगलीकडे तर त्याला थेट 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याने 1965 मध्ये लंडनला कंपनी काढली आणि नाव कमावलं ते टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रावर. आवाज स्वच्छ करणाऱ्या माणसाचं नाव आपल्याकडे कानठळ्यांना चिकटलं. 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' हे फलक त्या बिचाऱ्याने पाहिले असते तर काय म्हणाला असता, कुणास ठाऊक.

तर उतरंड अशी. सर्वांत वर बसलेले टेक्नो आणि सायट्रान्सवाले. ते सनबर्नसारख्या महोत्सवांना नाक मुरडतात. सनबर्नला जाणारे गणपतीच्या आणि हळदीच्या डीजेला नाक मुरडतात. डीजेवाले बेंजो पार्टीला म्हातारी समजतात. आणि मुंबई-कोकणातले जुने बेंजोवाले, टाइपरायटरसारख्या बटणांवर बोटं नाचवत ज्यांनी अख्ख्या मिरवणुका ओढल्या ते, म्हणतात की पेनड्राइव्ह लावायला कला कशाला लागते! कॅनडातल्या डेडमाऊस या नावाजलेल्या निर्मात्याने 2012 मध्ये जवळजवळ हेच उघडपणे लिहून खळबळ माजवली होती, की मंचावर उभे असलेले आम्ही सगळे शेवटी बटणच दाबतो. बेंजोवाल्यांना हे कधीपासून माहीत होतं.

वरच्या पायरीची गोष्ट कोकणाच्या खालच्या टोकापलीकडे, गोव्यात सुरू होते. सत्तरच्या दशकात हणजुण्याच्या किनाऱ्यावर हिप्पी जमले. त्यांत कॅलिफोर्नियाचा गिल्बर्ट लेव्ही होता, पुढे 'गोवा गिल' म्हणून ओळखला गेलेला. आधी रॉक वाजे. ऐंशीच्या सुरुवातीला युरोपातलं यंत्रसंगीत कॅसेटवर येऊ लागलं. त्यातले शब्द काढून, नुसत्या ठोक्याचे तुकडे जोडून रात्रभर वाजवायची रीत इथेच पडली. उन्हात तबकड्या वाकायच्या, म्हणून गिल आधी कॅसेट आणि नंतर डॅट नावाची डिजिटल टेप वापरी. त्यातून 'गोवा ट्रान्स' जन्मला, जगभर गेला आणि पुढे सायट्रान्स झाला. नाचणाऱ्यांच्या कडेने गोव्यातल्या बायका चटया अंथरून, कंदील लावून चहा-भजी विकत. धंदा पहाटेपर्यंत चाले. 2023 च्या ऑक्टोबरात गिल वारला, तेव्हा जगभरच्या ट्रान्सवाल्यांनी सुतक पाळल्यासारखं केलं.

त्या काळात तिथे नाचलेल्यांची कायमची तक्रार असते की गोवा आता पूर्वीचा राहिला नाही. गंमत अशी, की ही तक्रार नव्वदीतही होती; तेव्हा ती ब्रिटनहून स्वस्त चार्टर विमानांनी येणाऱ्या पर्यटकांवर होती. आणि सगळ्यांत बोचणारी तक्रार होती ती देशी पर्यटकांविरुद्ध. अरुण सलढाणा या भूगोलाच्या अभ्यासकाचं 'सायकेडेलिक व्हाइट' हे 2007 चं पुस्तक याच विषयावर आहे. त्याने नाचाच्या जागेचाच नकाशा वाचला. रात्री गर्दी मिसळलेली असे, पण पहाट जवळ येई तसतसे गोरे जुने-जाणते मैदान व्यापत आणि हिंदुस्थानी मंडळी कडेला किंवा बाहेर पडत. सूर्योदयाचा तास हा खरा तास, तो 'आपल्या' लोकांचा. म्हणजे हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर, हिंदू देवांची चित्रं टांगलेल्या झाडांखाली, हिंदुस्थानी माणूस म्हणजे पार्टी बिघडवणारी गर्दी. एवढा मोठा विनोद सहसा कुणी मुद्दाम रचू शकत नाही.

मग 2007 च्या डिसेंबरात कांदोळीच्या किनाऱ्यावर पहिला सनबर्न झाला. पर्सेप्ट कंपनीच्या शैलेंद्र सिंग यांची कल्पना, आणि सोबत निखिल चिनप्पा, म्हणजे एमटीव्हीचा ओळखीचा चेहरा, ज्याने 2003 पासून 'सबमर्ज' या नावाखाली क्लबसंगीताचे कार्यक्रम लावले होते. तिकीट काढा, मनगटाला पट्टा बांधा, आत जा. ट्रान्सवाल्यांनी कपाळाला हात लावला. पण पुण्या-नागपूरच्या ज्या पोरांना हणजुण्याच्या जंगलातल्या पार्टीचा पत्ता कुणी कधी सांगितला नसता, त्यांना हा दरवाजा पैसे भरले की उघडणारा होता. कुणाची ओळख लागत नव्हती. व्यापारी महोत्सवांना शिव्या देताना ही बाजू सोयीने विसरली जाते. 2013 मध्ये चिनप्पा सनबर्न सोडून 'सुपरसॉनिक' या दुसऱ्या महोत्सवात गेला, तेव्हा चाहत्यांत तटही पडले. खरा सनबर्न कुठला यावर कॉलेजच्या कट्ट्यांवर वाद झाले. 2016 ला सनबर्न पुण्याजवळ केसनंदला आला, पुढच्या फेब्रुवारीत सुपरसॉनिकही पुण्यात. 2019 ला सनबर्न वागातोरला परतला. 2024 ला तो पेडणे तालुक्यातल्या धारगळला गेला, म्हणजे जिथे घरोघरी दशावतारी नाटकांचं वेड त्या मुलखात. तिथे विरोध झाला, पाठिंबाही झाला आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

या सगळ्या तटांत 'मेनस्ट्रीम' म्हणजे नेमकं कोण? ब्रिटनमध्ये सारा थॉर्नटन हिने नव्वदीत क्लबांतून हिंडून याच प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि 1995 मध्ये 'क्लब कल्चर्स' हे पुस्तक लिहिलं. तिला दिसलं ते असं, की मेनस्ट्रीमबद्दल सगळे बोलतात, पण 'मी मेनस्ट्रीम' म्हणणारा कुणी सापडत नाही. तो नेहमी पलीकडच्या क्लबात असतो. आणि त्याचं वर्णन विचारलं तर पुढे येतं ते कामगारवस्तीतल्या पोरींचं चित्र, खांद्यावरची पर्स जमिनीवर ठेवून तिच्याभोवती फेर धरणाऱ्या. म्हणजे तक्रार संगीताबद्दल कमी आणि बाजूला कोण नाचतंय याबद्दल जास्त. थॉर्नटनने याला एक प्रकारचं भांडवल म्हटलं. कुठला ट्रॅक, कुठल्या क्लबात, कधी ऐकला, हे माहीत असणं म्हणजे खिशातला पैसा; आणि सगळ्यांकडे पैसा आला की त्याची किंमत उतरते. आपल्याकडे 'विसर्जनाचं म्युझिक' म्हणणाऱ्याला नेमकं काय खुपतं ते यावरून ताडता येतं. पर्सेभोवतीच्या त्या पोरी इथे बदलून फेटेवाले, बनियनवाले, टपोरी झाल्या, इतकंच.

आणि ज्या संगीताच्या नावाने ही सोवळ्याची भाषा चालते ते संगीत मुळात ओवळं ठरवलेल्यांचं. 12 जुलै 1979 ला शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओवाल्याने डिस्कोच्या तबकड्यांची होळी लावली. तबकडी आणा, 98 सेंटमध्ये आत या. पन्नासेक हजारांचा जमाव लोटला, स्फोटाने मैदान खड्ड्यात गेलं, लोक आत घुसले आणि त्या दिवशीचा दुसरा सामना सोडूनच द्यावा लागला. डिस्को मुख्यतः काळ्यांचं, लॅटिनो लोकांचं आणि समलिंगींचं संगीत. चीड नुसत्या सुरांची नव्हती. त्याच शहरात 'वेअरहाउस' नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स त्या वेळीही डिस्को वाजवत होता. त्याच्या पुढच्या वाटेवर जे घडलं त्याला क्लबच्या नावावरून 'हाउस' म्हणू लागले. डेट्रॉइटच्या तीन काळ्या शाळूसोबत्यांनी टेक्नो घडवला. आज ज्या आवाजाची शिफारस दबक्या आवाजात केली जाते, त्याचे आजे-पणजे असे उकिरड्यावर फेकलेले होते.

याहून चटका लावणारं उदाहरण मात्र मुंबईचं आहे.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे वादक. गिटार, सिंथेसायझर, जे लागेल ते. 1982 मध्ये त्यांच्याकडे रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रं होती. ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे तालयंत्र आणि टीबी-303. हे शेवटचं बघण्यासारखं. चांदीच्या रंगाचा, वहीएवढा, प्लास्टिकचा डबा. एकट्या गिटारवाल्याला घरी साथ करायला बेस गिटारवाला नको, म्हणून काढलेला. बेस गिटारसारखा तो अजिबात वाजत नसे. खपला नाही, 1984 ला उत्पादनच बंद झालं. पण त्यात एक सोय होती, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची. आपल्याकडे त्याला मींड म्हणतात. चरणजित सिंगांनी बरोबर ते ओळखलं. डिस्कोची हवा होती, नाझिया हसनचं 'डिस्को दीवाने' नुकतंच गाजलं होतं. त्यांनी दहा राग घेतले, 808 वर डिस्कोचा ठोका लावला, 303 ला तळाशी फिरवलं, ज्युपिटरवर आलापी केली. एचएमव्हीने 'टेन रागाज टु अ डिस्को बीट' ही तबकडी काढली. ती आपटली.

पाच वर्षांनी शिकागोत काही पोरांनी सेकंडहँड बाजारात मातीमोल मिळणारा तोच 303 उचलला, बटणं वेडीवाकडी पिळली आणि 1987 मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' निघाला. त्यातून ॲसिड हाउस आलं, युरोप वेडा झाला. इकडे सिंग लग्नसमारंभांत वाजवत होते. 2002 मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती दिल्लीत ती जुनी तबकडी लागली. 2010 ला त्याने ती पुन्हा काढली आणि दर्दी मंडळींचे डोळे पांढरे झाले. शिकागोच्या आधी मुंबईत ॲसिड! सत्तरीला टेकलेले सिंग युरोपात जाऊन त्याच यंत्रांवर तेच राग वाजवून आले. 5 जुलै 2015 ला मुंबईत त्यांचं निधन झालं. आज मूळ तबकडी ज्याच्या कपाटात आहे त्याचा मान मोठा. फक्त हे लक्षात ठेवायला हवं, की सिंगांना काही गुप्त, मोजक्यांसाठीचं करायचं नव्हतं. त्यांना डिस्कोच्या लाटेवर स्वार व्हायचं होतं. चार लोकांनी नाचावं म्हणून केलेली तबकडी चार लोकांपर्यंतही पोचली नाही, आणि न पोचल्यामुळेच ती आज दुर्मीळ. लोकप्रिय झाली असती तर हेच दर्दी तिला 'वरातीचं संगीत' म्हणाले असते. ते चुकलेही नसते. माणूस वरातीतलाच होता.

मराठी माणसाला हा खेळ नवा नाही. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या अमदानीत आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हद्दपार झाली. लोकांचा कान बिघडतो, शास्त्रीय संगीताने तो सुधारावा, हा हेतू अगदी प्रामाणिक. लोकांनी काय केलं? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं आणि अमीन सायानींची बिनाका गीतमाला घराघरांत पोचली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करावी लागली. आज त्याच गाण्यांना आपण 'सुवर्णकाळ' म्हणतो, आणि आताच्या गाण्यांत तसं काही राहिलं नाही असा उसासा टाकतो.

हळदीच्या मांडवाकडे परत यायला हवं, कारण खालच्या पायरीवर सगळे साधेभोळे रसिक बसलेत असं समजणं ही आणखी एक चूक. तिथलं सोवळं वरच्यांपेक्षा कडक आहे. एफएल स्टुडिओ हे बेल्जियन सॉफ्टवेअर, ज्यावर गॅरिक्सने ट्रॅक बनवले, तेच इथल्या पोरांच्या लॅपटॉपवर असतं. त्यावर हलगी मिक्स, संबळ मिक्स, नाशिक ढोल मिक्स बनतात. गाण्याच्या मध्येच एक बाई घोगऱ्या इंग्रजीत डीजेचं नाव पुकारते, तो 'टॅग'. म्हणजे चोरलंत तरी नाव आमचंच वाजेल. जे यूट्यूबवर आलं ते शिळं. खरा माल 'अनरिलीज्ड', जो मोजक्या दोस्तांच्या पेनड्राइव्हवरच असतो. दोन मंडळांचे डीजे समोरासमोर आले की कॉम्पिटिशन लागते, आणि तिथे गाणं नाहीच, नुसते हॉर्न आणि बेस तपासायचे ट्रॅक वाजतात. ते ऐकून "टॉप फाटतायत" किंवा "बेस सुटा येतोय" असा निकाल देणारे कानसेन गर्दीत उभे असतात. सवाई गंधर्वच्या मांडवात निषाद किंचित उतरला म्हणून भुवई वर करणाऱ्या आजोबांचेच ते नातू.

पन्नासच्या दशकात जमैकाच्या किंग्स्टन शहरात हुबेहूब असंच होतं. रस्त्यात स्पीकरच्या भिंती उभ्या राहत, दोन मालकांत लढत लागे. कॉक्सोन डॉड नावाचा मालक अमेरिकेहून तबकड्या आणी आणि प्रतिस्पर्ध्याला नाव कळू नये म्हणून वरचं लेबल खरवडून टाकी. एका तबकडीला तर त्याने स्वतःचंच नाव दिलं होतं. प्रतिस्पर्धी ड्यूक रीडने पुष्कळ दिवसांनी मूळ तबकडी शोधून काढली आणि भर मैफलीत त्याच्यासमोर वाजवली. या साउंड सिस्टिम पुढे लंडनला गेल्या, त्यांच्यातून ब्रिटनचं निम्मं नाचाचं संगीत निघालं. आज नॉटिंग हिलच्या कार्निव्हलमध्ये त्या भिंतींपुढे उभं राहणं हा सांस्कृतिक वारसा मानला जातो. पिकअपवर रचलेल्या आपल्या भिंतींबद्दल कुणी वारसा हा शब्द उच्चारला, तर लोक हसतील.

हसण्याला एक खरं कारणही आहे, ते झाकून उपयोग नाही. आवाज. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत वस्तीतली मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे उचलून धरलं. 2018 च्या गणपतीत उच्च न्यायालयाने डीजे-डॉल्बीला सवलत द्यायला नकार दिला. ताटं किणकिणणाऱ्या त्या घरात तान्हं मूल असेल, दम्याचा म्हातारा असेल. त्याच्या तक्रारीला उच्चभ्रूपणा म्हणणं हा निलाजरेपणा होईल. पण आवाज मोठा आहे ही तक्रार वेगळी आणि आवाज त्यांचा आहे ही वेगळी. दोन्ही एकाच तोंडातून येतात तेव्हा गफलत होते. न्यूक्लियाने, म्हणजे उद्यन सागरने, 2015 च्या 'बास रानी' अल्बममध्ये हाच रस्त्यावरच्या मिरवणुकांचा आवाज घेतला. तिकीट लावलेल्या मैदानावर तो वाजला तेव्हा त्याला 'बास म्युझिक' म्हटलं गेलं, आणि मिरवणुकीला नाकं मुरडणारे लोक त्यावर मनसोक्त नाचले.

2024 मध्ये या उतरंडीला एक धक्का बसला. क्रेटेक्स या नावाने काम करणारा कृणाल घोरपडे आणि गायक श्रेयस सागवेकर यांचा 'तांबडी चामडी' हा ट्रॅक आला. शब्द मराठी, चाल हाउसची, आणि काढला तो 'स्पिनिन' या डच कंपनीने, 'ॲनिमल्स' जिने काढलं होतं तिनेच. क्रेटेक्स त्याला मराठी हाउस म्हणतो. बघता बघता तो रील्सवर, क्लबांत, महोत्सवांत आणि अर्थातच मांडवांत पोचला. मग ठरल्याप्रमाणे दोन्हीकडून कुरबुर. एका बाजूचे म्हणाले, हे काही खरं हाउस नाही, स्पिनिन म्हणजे कमर्शियल. दुसरीकडे मिरवणुकीतल्या डीजेंना तो फार मऊ वाटला. त्याला हलगी लावल्याशिवाय आणि बेस चढवल्याशिवाय तो 'चालत' नव्हता, म्हणून त्याचे रिमिक्स निघाले. ज्या मराठी आवाजाला आजवर क्लबच्या दारात उभं केलं जात नव्हतं तो आता पासपोर्ट घेऊन पुढच्या दाराने आत आला होता. लागोपाठ तो मागच्या दाराने बाहेर पडून पुन्हा पिकअपवर चढला.

हर्ण्यात रात्रीचे दहा वाजायला आलेले असतात. मांडवात हळदीने पिवळे झालेले चेहरे, घामाने चिकटलेले सदरे, मुलीच्या मावश्यांचा गोल. रिसॉर्टवरची ती मंडळी जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला आलेली असतात आणि मांडवाच्या कडेला रेंगाळतात. सुरुवातीला मोबाइलवर व्हिडिओ, गंमत म्हणून. मग त्यांतल्या त्या टेक्नोवाल्याची मान आपोआप हलायला लागते. एका ड्रॉपनंतर तो फोन उंच धरतो, शाझाम उघडून. वर्तुळ फिरत राहतं आणि शेवटी सांगतं की हे गाणं सापडलं नाही. तो गर्दीतून वाट काढत पिकअपपाशी येतो आणि लॅपटॉपमागच्या पोराला ओरडून विचारतो, "दादा, आयडी काय याचा?"

पोरगा हेडफोन एका कानावरून बाजूला करतो, त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो आणि म्हणतो, "अनरिलीज्ड हाय." आणि लॅपटॉपचा पडदा थोडा आपल्याकडे वळवून घेतो.